अमावस्येला तुटणारा पट्टा

माझा सगळा जन्म स्कूटरच्या डाव्या बाजूला बसून गेला. उजव्या बाजूला सायलेन्सर असतो, तिथं हात भाजतो. डाव्या बाजूला पट्टा अन् क्लच असतो, तिथं डोकं भाजतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचं दुकान आहे, माझं अन् माझ्या मोठ्या भावाचं. दादा काउंटरवर बसून पार्ट विकतो अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला राजकारण शिकवतो. मी खाली पाटावर बसून गाड्या उघडते. बिनगिअरच्या स्कूटरचा पट्टा अन् क्लच, एवढंच माझं काम. इंजिन उघडायचं असेल तर पुढच्या गल्लीत जा, असं मी सरळ सांगते. लोकांना वाटतं, बाईला जमत नसेल. जमतं, पण मला पट्टाच आवडतो.

नवीन गिऱ्हाईक दुकानात आलं की माझ्या डोक्यावरून पाहत दादाला विचारतं, "भैया, मिस्त्री कहाँ है?" दादा बोटानं खाली दाखवतो. मग ते गिऱ्हाईक खाली पाहतं, मी वर पाहते, अन् त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते पाहायला मी आजही तिकीट काढून जाईन. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आप रहने दो, कोई आदमी नहीं है?" मी म्हटलं, आहे ना, तो वर बसला आहे, पण त्याला पाना कोणत्या हातात धरायचा ते विचारून घ्या. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दिवाळी अंकाच्या बाईंनी सांगितलं, तुमचा प्रवास लिहा. प्रवास कसला आला? वडील रेल्वेत, मूळ गाव वर्ध्याकडचं, लहानपण गुढियारीत मालगाड्या मोजण्यात गेलं. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात मी एकटी मुलगी होते अन् मास्तर मला दर वेळी झाडू द्यायचे. हे सगळं सांगत बसले तर अंक भरेल अन् वाचणारे झोपतील. त्यापेक्षा गाडीच्या आत काय असतं ते सांगते, कारण रोज त्यावर बसणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं की स्कूटर पेट्रोल अन् देवाच्या कृपेवर चालते.

डावं झाकण उघडलं की समोर दोन थाळ्या दिसतात अन् मागं दोन थाळ्या. त्या जोड्यांच्या फटीतून एक रबराचा दातेरी पट्टा फिरत असतो. इंजिन जोरात फिरलं की पुढच्या थाळ्या एकमेकींजवळ येतात, पट्टा त्यांच्यात वर चढतो, मागच्या थाळ्या फाकतात अन् गाडी वेग धरते. म्हणजे गिअर बदलायचं सगळं काम तो पट्टा करतो अन् तुम्ही खांद्यात फोन दाबून सासूशी बोलत असता. मागच्या थाळ्यांना लागून क्लच. त्याचे बूट फिरण्याच्या जोरानं बाहेर फाकतात अन् वाटीसारख्या लोखंडी ड्रमला आतून धरतात, तेव्हा चाक फिरतं. पूर्ण धरलं तर ठीक. अर्धवट धरलं तर बूट नुसते घासतात, तापतात, ड्रमही तापतो, अन् ती धग पट्ट्याला लागून तो कडक होतो, चिरतो, एक दिवस तुटतो. आमच्या रायपूरच्या मे महिन्यात तर त्याला निमित्तच लागत नाही. हा सगळा खेळ कोरड्या पकडीचा आहे. आत तेलाचा थेंब गेला की पकड सुटली.

तापलेला ड्रम रंग बदलतो. आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा. या रंगामुळे माझं अन् गिऱ्हाइकांचं कधी पटलं नाही. कारण प्रत्येक माणूस म्हणतो, मी गाडी फुलासारखी चालवतो. अन् ड्रम उघडला की आत मोरपीस. पुलाच्या चढावर सिग्नलला थांबले की ब्रेक दाबायचा सोडून रेस देऊन गाडी जागेवर धरून ठेवतात. क्लचच्या जिवावर उभे राहतात अन् वर म्हणतात कंपनीनं माल खराब दिला.

आमच्या तात्यापाऱ्यातलेच एक काका होते. घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं, अन् ही गोष्ट ते नमस्काराच्या आधी सांगायचे. एका वर्षी त्यांनी ठरवलं की गणपती स्कूटरवरून आणायचा. काकू मागं बसल्या मूर्ती धरून. बाप्पाला धक्का लागायला नको, अन् पुढं ताशावाले पायी, म्हणून काकांनी बाजारापासून घरापर्यंत रेस अन् ब्रेक दोन्ही एकदम धरून गाडी माणसाच्या चालीनं आणली. अर्ध्या वाटेत खालून धूर निघायला लागला. रस्त्यावरच्या बायांनी हात जोडले. एकीनं तर पुढं येऊन काकूंना विचारलं की ही धूप कोणत्या दुकानातली.

दुसऱ्या दिवशी ढकलत गाडी आली. मी विचारलं, काका, रेस अन् ब्रेक एकदम धरले होते काय? काका म्हणाले, छे, मी अशी गाडी चालवतो की मागं बसलेल्याच्या हातातला चहा सांडत नाही. काकू शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "चहा नाही सांडला, पण माझं नऊवारी धुरानं काळं करून टाकलं." नवरा-बायकोचं भांडण मराठीत सुरू झालं अन् हिंदीत संपलं, जसं आमच्याकडे सगळ्यांचं संपतं. मी तेवढ्या वेळात ड्रम बदलून टाकला.

आता बॅटरीच्या गाड्या आल्या. त्यांच्यातल्या कित्येकींत पट्टाच नसतो, चाकातच मोटर. दादा म्हणतो, तुझं दुकान आता उठलं. उठू दे. पण ज्या एका पट्ट्यानं मला वेड लावलं, त्याची गोष्ट मात्र मी सांगणार. तीच सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

एक दिवस मालवाहू ऑटोत घालून एक स्कूटर आली, अन् तिच्याबरोबर हेमिन आली. हेमिन साहू, अभनपूरच्या पुढच्या एका गावातली सून. सरकारी नर्स, करारावरची. आजूबाजूच्या गावांत जाऊन बाळांना लस द्यायची. त्या गावांना बस जात नाही अन् लसीच्या बर्फाला वेळ कळतो, म्हणजे स्कूटर नाही तर नोकरी नाही, असा सरळ हिशोब. लसीचा निळा डबा मांडीवर घेऊन ती माझ्या दुकानात बसली होती. मी म्हटलं, खाली ठेवा. ती म्हणाली, नको, खाली गरम आहे. मला ती तिथंच आवडली.

पट्टा तुटून त्याचे दोरे निघाले होते. मी बदलला, आतली चिकट काजळी पुसली, नेहमीसारखं भाषण दिलं की रेस अन् ब्रेक एकदम धरू नका. ती शांतपणे म्हणाली, "मैं नहीं पकड़ती, दीदी." सगळेच असं म्हणतात. मी हो-हो केलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तोच ऑटो. या वेळी पट्टा तुटला नव्हता, पण गाडी ओढत नव्हती अन् क्लच जळला होता. झाकण उघडलं तर आत सगळीकडे जळक्या वासाचं चिकट तेल. मी खूश झाले, कारण सापडलं. इंजिनाच्या बाजूनं तेल गळून आत येतं, ते अडवायला रबरी सील असतं, ते गेलं की हे होतं. मी सील बदललं, सगळं धुऊन पुसून कोरडं केलं, नवा पट्टा टाकला. या खेपेला तिचा नवराही आला होता, टीकाराम. रायपुरात टाइल्सच्या दुकानात कामाला, आठवड्यातून एकदा गावी जाणारा. माणूस वाईट नव्हता, पण दर महिन्याला सुट्टी टाकून, ऑटो करून गाडी आणून त्याचं डोकं फिरलं होतं. तो दादाला म्हणाला, भैया, बाईच्या हातात गाडी म्हणजे असंच, दोन्ही हातांनी सगळंच दाबत असते. दादानं मान हलवली. मी खालून विचारलं की तुमच्या दुकानात टाइल फुटते ती कोण फोडतं, बायका काय? जाताना तो बायकोला सांगून गेला की आणखी एकदा असं झालं तर गाडी विकणार. गुढियारीत खोली पाहून ठेवली आहे, नोकरी सोड अन् इकडे ये.

हेमिननं चावी घेतली. गाडी सुरू करून पाहिली अन् निघून गेली. मला मात्र राहून राहून तिची काळजी वाटत होती. गावातली पोरं-सोरं, बाळंतिणी तिची वाट पाहतात हे तिनं सांगितलं नव्हतं, पण तिच्या फोनवरून कळत होतं. दर घडीला कोणी ना कोणी विचारायचं, दीदी कब आओगी.

अन् पुढच्या महिन्यात ती पुन्हा दारात.

दादा काउंटरवरून म्हणाला, "कुंदे, मी सांगतो तुले. हिच्या गाडीले अमावस्या लागते. मी दर अमावस्येले दुकानासमोर नारळ फोडतो, अन् नारळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही बाई हजर. लिंबू-मिरची बांध अन् मोकळी हो." मी त्याला म्हटलं, गप बस, इथं माझी इज्जत जाऊन राहिली अन् तुला नारळ सुचतात. पण त्याची गोष्ट डोक्यात राहिली, कारण तारखा खरंच जुळत होत्या.

झाकण काढलं. पुन्हा तेल, अन् तपकिरी डिंकासारखं काहीतरी. माझं नवं सील ठणठणीत कोरडं होतं. म्हणजे तेल इंजिनातून आलंच नव्हतं. मग आलं कुठून? मी बोट फिरवलं, नाकाशी नेलं, अन् माझं तोंड आपोआप वाकडं झालं. एरंडेल! लहानपणी आई रविवारी सकाळी नाक दाबून पाजायची ते. आयुष्यभर विसरणार नाही असा वास. अन् तो तपकिरी डिंक म्हणजे राळ. गाडीच्या आत कोणीतरी एरंडेल ओतून वरून राळ भुरभुरली होती. स्कूटरला जुलाब द्यायची कल्पना कोणाची, ते मात्र मला कळेना.

कळेना कशाला, मला लगेच कळलं. टीकाराम! बायकोनं नोकरी सोडावी, रायपुरात यावं, म्हणून हा माणूस सुट्टीत गावी जातो अन् गुपचूप गाडीत तेल ओततो. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्याला पाहिला असता तर पानाच फेकला असता. मी हेमिनला बाजूला घेतलं, बोट दाखवलं, म्हटलं, हे बघ, तुझा नवरा काय करून राहिला तुझ्या गाडीचं.

ती माझ्या बोटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "वो नहीं, दीदी. बाबू जी डालते हैं. मेरे ससुर. मुझे मालूम है."

मी हातातला पाना खाली ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. तिचे सासरे, बिसाहूराम, तरुणपणापासून एका राइस मिलमध्ये पट्टेवाले होते, म्हणजे यंत्रांच्या पट्ट्यांची निगा राखणारे. जुन्या मिलमध्ये एका मोठ्या इंजिनावरून सगळी यंत्रं चालायची, छतापासून खालपर्यंत लांबलचक चामड्याचे पट्टे. चामड्याला एरंडेल पाजलं नाही तर ते सुकतं अन् सटकतं, राळ लावली की पकड धरतं. अमावस्येला मिल बंद, तो दिवस पट्ट्यांचा. सगळे पट्टे पुसायचे, कोमट एरंडेल चोळायचं, राळ भुरभुरायची. सगळ्या मिलमध्ये पट्ट्याला हात लावायचा मान एकट्या बिसाहूरामचा. मग मिलमध्ये मोटरी आल्या, चामडं गेलं, बिसाहूरामही घरी आले. सासू वारली अन् ते खाटेवरून उठेनासे झाले. बोलणं बंद, जेवण चिमणीएवढं.

मग हेमिननं स्कूटर घेतली. कोणीतरी बोलता बोलता म्हणालं की यात गिअर नाही, पट्टा असतो. म्हातारा खाटेवरून उठला. कुठं आहे, दाखवा म्हणाला. तेव्हापासून दर अमावस्येला आंघोळ करून, डाव्या बाजूला पोतं अंथरून बसायचा, बोल्ट खोलायचा, पट्ट्याला तेल पाजायचा, पुन्हा सगळं जसंच्या तसं लावायचा. मोतीबिंदूनं नजर गेलेली, पण बोटं अजून शाबूत. अन् सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगत फिरायचा की बहूची नोकरी माझ्या पट्ट्यावर चालते.

"मना कैसे करूँ?" हेमिन म्हणाली. नवऱ्याला सांगितलं तर तो सगळ्या पाऱ्यासमोर बापावर ओरडणार, अन् म्हातारा पुन्हा खाटेला लागणार. ती इतके दिवस नवऱ्याचे टोमणे ऐकत होती, ऑटोत गाडी घालून आणत होती, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. मग तिनं मला विचारलं. "दीदी, ऐसा पट्टा नहीं आता क्या, जो तेल में भी चले?"

नाही येत, बाई. आला असता तर मी माझ्या हातानं करून दिला असता.

टीकारामनं तोवर गिऱ्हाईकही पाहिलं होतं. पुढच्या अमावस्येला त्याची सुट्टी, त्या दिवशी दुपारी माणूस गाडी पाहायला येणार अन् घेऊन जाणार. दादा म्हणाला, "तुले काय करायचं हाय दुसऱ्याच्या घरात? पट्टा बदल अन् मोकळी हो." तो काही चुकीचं बोलत नव्हता. पण मी पट्टा बदलला, जुना पट्टा पिशवीत टाकला, अन् हेमिनला वचन दिलं की नवऱ्यासमोर म्हाताऱ्याचं नाव काढणार नाही. अमावस्येला सकाळी मी माझी स्कूटर काढली अन् अभनपूरचा रस्ता धरला. वाटेत एक थाप जुळवून ठेवली. म्हणायचं, बाबूजी, कंपनीनं नवा पट्टा काढला आहे, त्याला उपास असतो, तेल चालत नाही. स्टँडच्या खिळीला लावा, किकच्या दांड्याला लावा, पट्ट्याला नको. थाप मला फार हुशारीची वाटत होती.

अंगणात पोहोचले तर तयारी झालेली. स्कूटर मोठ्या स्टँडवर, पुढं कुंकू लावलेलं. धुतलेल्या पोत्यावर पाने ओळीनं मांडलेले, वाटीत कोमट तेल, शेजारी मऊ फडकं. बिसाहूराम पांढरंस्वच्छ धोतर नेसून बसले होते. सुकून काटक्या झालेला माणूस, पण पाने मांडले होते ते पाहून मला माझा पाट आठवून लाज वाटली. टीकाराम खाटेवर चहा पीत होता. नेहमीचंच आहे म्हणून तो बापाकडे पाहतही नव्हता, म्हाताऱ्याचा काहीतरी पूजापाठ एवढंच त्याला ठाऊक. हेमिन कामाच्या साडीत उभी, डबा भरून तयार. त्या दिवशी तिला पलीकडच्या गावात लसीकरणाला जायचं होतं.

मी हात जोडले अन् माझी उपासाची थाप सुरू केली. म्हाताऱ्यानं ऐकून घेतली. मग हात पुढं केला. म्हणाला, जुना पट्टा आणला आहेस काय? आता माणूस मिस्त्रीकडे जुना पार्ट मागतो तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी पिशवीतून काढून दिला. त्यानं तो अंगठ्यानं चेपला, वाकवला, कानाशी नेऊन दुमडला, वास घेतला. तेलानं फुगलेला, कडांना चिरलेला. झाकणाच्या आत थाळ्यांमध्ये बसलेला पट्टा त्यानं कधी हातात घेऊन वाकवलाच नव्हता, नुसती पाठ चोळली होती. जुनं चामडंही तेल पिऊन असंच काळं अन् गुळगुळीत होतं. त्याचा अंगठा फिरता फिरता थांबला.

"ये चमडा नोहे," तो म्हणाला. हे चामडं नाही. पट्टा मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी सरळ विचारलं, "त मोर तेल ले टूटत रिहिस?" म्हणजे माझ्याच तेलानं तुटत होता काय?

खाटेवर चहाची बशी वाजली. टीकाराम उठून उभा राहिला. त्याला एका क्षणात सगळं कळलं, ऑटो, सुट्ट्या, सगळं. तो तोंड उघडणार एवढ्यात हेमिन मध्ये आली. "नहीं बाबू जी. मैं ब्रेक पकड़ के चलाती थी. उसी से जला."

 इतके महिने सगळ्या जगानं जे तिच्या माथी मारलं अन् जे तिनं एकदाही कबूल केलं नाही, ते तिनं सासऱ्यासाठी स्वतःवर घेतलं, अन् तेही दुपारी गाडी नेणारं गिऱ्हाईक ठरलेलं असताना. टीकारामला तेच सोयीचं वाटलं, तो माझ्याकडे वळून म्हणाला, देखा? मैं क्या बोलता था. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मी वचनात अडकलेली. बोलले तर म्हातारा मरतो, नाही बोलले तर तिची नोकरी जाते. माझी ती हुशार थाप पिशवीत जाऊन बसली होती.

बिसाहूरामनं हात वर केला. सगळे गप्प झाले, मीसुद्धा, अन् मला गप्प करणं सोपं नाही.

"बहू लबारी मारत हे," तो म्हणाला. सून खोटं बोलते. मग छत्तीसगढीत, एकेक शब्द ठेवल्यासारखा, त्यानं सांगितलं. जन्मभर पट्ट्याचा आवाज ऐकून पोट भरलं. कोणता पट्टा ढिला, कोणता सटकतो, हे डोळे मिटून सांगायचो. ही रोज सकाळी निघते तेव्हा मी खाटेवरून ऐकतो, तळ्याच्या वळणापर्यंत. संध्याकाळी येते तेव्हाही ऐकतो. रेस सोडते, मग ब्रेक धरते. दोन्ही एकदम कधी धरले नाहीत. अमावस्येनंतर आवाज बिघडायचा, ते मी ऐकलं होतं. वाटायचं, तेल कमी पडलं. म्हणून पुढच्या वेळी जास्त पाजलं. त्यानं तेलाची वाटी उचलली, पोत्याच्या बाहेर, लांब ठेवली. "गलती मोर ए. गाडी झन बेचबे." चूक माझी आहे, गाडी विकू नको.

 हेमिननं पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं, खोटं काहून बोलू.

टीकाराम बापाकडे पाहत होता, मग बायकोकडे, मग स्कूटरकडे. राग कोणावर काढावा ते त्याला सुचत नव्हतं. शेवटी पुटपुटला, रोज जाते-येते म्हणता, मला तर कधी काही वेगळं ऐकू आलं नाही.

म्हातारा आवाज न चढवता म्हणाला, "तैं सुने कब हस?"

तू ऐकलंस कधी?

टीकाराम फोन घेऊन अंगणाबाहेर गेला. गिऱ्हाइकाला म्हणाला, येऊ नका, गाडी विकायची नाही. आत येऊन त्यानं स्वतः गाडी स्टँडवरून उतरवली, लसीचा डबा गाडीत पायाशी ठेवून दिला, पण बायकोच्या डोळ्याला डोळा काही देईना. हेमिनला उशीर होत होता. तिनं गाडी सुरू केली, सासऱ्याच्या पायाला हात लावला अन् निघाली.

बिसाहूरामनं आम्हाला बोलू नका अशी खूण केली अन् कान तिकडे लावला. आवाज गल्लीतून गेला, मोकळ्या रस्त्याला लागला, कोरडा, एकसारखा. मी टीकारामकडे पाहिलं. तो पोत्याच्या कडेला बापाजवळ येऊन बसला होता अन् मान तिरकी करून, तळ्याच्या वळणापर्यंत, ऐकत होता.